देवामार्फत भांडण

आत्याबाईंचं हृदय बदललं आणि माझ्या मागे साडेसाती लागली. ख्रिस्ती बाईने साडेसाती म्हणू नये हे मला ठाऊक आहे. पण दुसरा शब्द सुचवा, मी तो वापरते.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आम्ही मूळचे नगरकडचे. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्यात ह्यांना नोकरी लागली. मग आम्ही तिघं बोचकी बांधून पिंपरी गावात एका खोलीत राहायला आलो. एकच खोली. मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात आत्याबाईंची पत्र्याची पेटी आणि तिच्यावर बायबल. आमची घरमालकीण पलीकडच्याच खोलीत राहायची. गावातली जुनी शेतकरीण, माहेर पुनावळ्याचं, दारात दोन म्हशी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. आमच्या दोन खोल्यांमध्ये कुडाची भिंत होती. अलीकडे शिंक आली की पलीकडून मावशी ‘लई सर्दी झाली का गं?’ म्हणून विचारायची.

तर आधी आत्याबाई कशा होत्या ते सांगते. तोंडाचा पट्टा असा, की भाजीवाली आमच्या दारावरून जाताना आवाज न करता जायची. आणि मी? मी काही गरीब गाय नव्हते. माझ्या माहेरी मी रुसले तर सगळे खूश व्हायचे, कारण तेवढा वेळ मी गप्प असायचे. त्यामुळे आमची दोघींची भांडणं मोठी झकास व्हायची. भाकरी जाड का, पाण्याचा हंडा अर्धाच का, पोतेरं उंबऱ्यात का टाकलं! सकाळी सुरू झालं की ह्यांचा डबा भरेपर्यंत चालायचं. हे कामावर गेले की आम्ही दोघी समोरासमोर बसून चहा प्यायचो. चहा पिताना कधी भांडलो नाही. चहा गार होतो हो.

मग एका उन्हाळ्यात पुण्याला संजीवन सभा भरल्या. मोठा मांडव, बाजाच्या पेट्या, बाहेरगावचे प्रवचनकार. आम्ही तिघं रोज गाडीने जाऊन यायचो. शेवटच्या दिवशी प्रवचनकारांनी विचारलं, ‘आज प्रभूला आपलं हृदय कोण देणार?’ मी बाजूला पाहिलं तर आत्याबाई उभ्या! डोळ्यांतून घळाघळा पाणी. एवढ्या माणसांत मोठ्याने म्हणाल्या, ‘बापा, ही माझी जीभ आगीची आहे. आजपासून माझ्या तोंडून कुणाही माणसाला वाकडा शब्द जाणार नाही.’

सगळा मांडव आमेन म्हणाला. ह्यांनी डोळे पुसले. मीही पुसले, का खोटं बोलू? पण माझ्या मनात आलं, बघू या, खडकी स्टेशनपर्यंत तरी टिकतंय का.

टिकलं! खडकीच काय, पिंपरीपर्यंत टिकलं. दुसऱ्या दिवशी माझी डाळ करपली. मुद्दाम नाही, खरंच करपली. मी पदर खोचून तयार राहिले. आत्याबाईंनी घास घेतला, चावला, गिळला आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या. बाई गं! माझ्या अंगावर काटाच आला. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईला माझ्याकडे बघून हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. वाटलं, खरंच देवाने काम केलं की हिच्यात.

संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही प्रार्थनेला बसलो. आमच्या घरी रीत अशी, की आधी एक गीत, मग शास्त्रपाठ, आणि मग एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. सगळ्यांचे डोळे मिटलेले. कुणी प्रार्थना करत असलं की मध्ये बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, उठायचं तर नाहीच. आमेन होईपर्यंत बोलणारा राजा. जेवण त्यानंतर. हे नेहमीप्रमाणे दोन वाक्यांत मोकळे झाले. मग आत्याबाईंनी सुरुवात केली.

‘हे दयाळू बापा, आजच्या डाळीबद्दल तुझे आभार मानते. ज्या हाताने ती करपवली त्या हातालाही आशीर्वाद दे. डाळ चुलीवर असताना काही लोक दारात उभं राहून मावशींशी म्हशीच्या गप्पा मारत होते, हे तू स्वर्गातून पाहिलंस. त्यांना क्षमा कर. त्यांच्या आईने त्यांना शिकवलं नाही, तिलाही क्षमा कर.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई! पण बोलणार काय? प्रार्थना चालू होती. आणि शपथ तरी कुठे मोडली होती? आत्याबाई कुणा माणसाशी बोलतच नव्हत्या, देवाशी बोलत होत्या.

त्या आमेन म्हणाल्या आणि माझी पाळी आली. मीही हात जोडले. ‘हे प्रभू, चुलीत ओली लाकडं होती हे तू जाणतोस. ती कुणी निवडून आणली तेही जाणतोस. लाकूड वाळलेलं आहे की ओलं, हे ओळखायची दृष्टी वयोमानाप्रमाणे जाते. तरी काही लोकांना ती परत दे.’

पलीकडून कुडाच्या भिंतीमागे कुणीतरी तोंडात पदर कोंबल्याचा आवाज आला.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात दिवसभर शांतता. ‘आत्याबाई, पाणी देऊ?’ ‘दे हो बाळ.’ बाळ! मला! आणि दिवे लागले की दोघी देवासमोर हजर. दिवसभराचं सगळं त्याच्या कानावर घालायचं. मी उशीला तेल लावलं, त्यांनी माझा कंगवा वापरला, माझं गाणं बेसूर, त्यांचं घोरणं. पुढे पुढे तर पुरावे आणि साक्षीसुद्धा सुरू झाल्या. ‘तो फुटलेला रांजण तू पाहिलास ना प्रभू? आता त्यात पाणी कसं राहील?’ नाव मात्र दोघीही घ्यायचो नाही. आत्याबाईंच्या प्रार्थनेत मी कधी ‘काही लोक’ असायचे, कधी ‘एक व्यक्ती’, आणि फार रागावल्या तर ‘या छपराखाली राहणारे’. त्या छपराखाली तिघंच राहत होतो. त्यांतले हे कधी भाकरी थापत नव्हते.

शेवटी बोलेल तो जिंकला, हे दोघींच्याही लवकर ध्यानात आलं. मग त्यासाठी खटपट. आत्याबाई म्हणाल्या, वडीलधाऱ्यांनी समारोप करायचा असतो. बरं म्हटलं. मी त्यांच्या आमेननंतर लगेच गीत सुरू करायचे आणि गीतानंतर ‘थोडक्यात एक विनंती’ म्हणून पुन्हा देवाला गाठायचे. प्रार्थना तासावर गेली. चुलीवरचं सगळं थंडगार. हे बिचारे पहिल्या शिफ्टहून आलेले, पोटात कावळे ओरडत. मान खाली घालून ते चक्क झोपायचे, आणि आम्हाला दोघींनाही वाटायचं किती भक्तिमान माणूस! एकदा भूक अनावर होऊन आत्याबाईंच्या प्रार्थनेतच मोठ्याने ‘आमेन’ म्हणाले. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. ‘आणि प्रभू, ज्यांना आमेनची घाई झाली आहे त्यांनाही धीर दे,’ असं म्हणून पुढे अर्धा तास चालल्या.

इकडे मावशी संध्याकाळी आमच्या दारासमोर तांदूळ निवडायला बसू लागली. तांदूळ तेच, रोज तेच. नंतर शेजारच्या दोघीतिघी येऊन बसायला लागल्या. एकदा मला म्हणते, ‘पोरी, आज बिगीनं बसा गं देवाला. मला धारा काढायच्या हायेत, मंग मधूनच उठावं लागतंय.’ आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, ‘कंगव्याचं काय झालं? तुमच्या देवानं काय निकाल दिला का न्हाई?’

आमची ख्रिस्ती मंडळी तेव्हा इतकी लहान, की स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. रविवारी शाळेच्या एका वर्गात उपासना व्हायची. पाळकसाहेब खडकीहून सायकलवर यायचे, लेंग्याला चिमटे लावून. मोठा भोळा, मोठा चांगला माणूस. त्यांच्या कानावर गेलं, की अमक्या घरात रोज संध्याकाळी तासभर प्रार्थना चालते आणि गावातल्या बाया दारात बसून ऐकतात. एका रविवारी भर उपदेशात त्यांनी आमच्याकडे हात केला आणि म्हणाले, ‘बदललेलं हृदय पाहायचं असेल तर या घराकडे पाहा!’ मी जमिनीकडे पाहिलं. आत्याबाई छताकडे. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या महिन्याची घरसभा आमच्याच खोलीत होईल आणि सगळ्या मंडळीने यावं.

त्याच आठवड्यात हे कामावरून आले ते मला नदीकडे घेऊन गेले. कधी नव्हे ते! मी म्हटलं, काय हो, तब्येत बरी आहे ना? तर म्हणाले, कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, घरात नळ, विजेचा दिवा. मी पवनेच्या काठावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. घरात नळ म्हणजे काय हे तुम्हाला नाही कळणार, तुम्ही कधी घागरी वाहिल्या नाहीत. मग माझ्या डोक्यात जे आलं ते मी लगेच बोलून टाकलं. तोंडाला कुलूप मला कधी नव्हतंच. म्हटलं, ‘आत्याबाईंना काही दिवस मामांकडे पाठवू या का? गावी त्यांच्या भावाचं एवढं मोठं घर आहे. आपण दोघं जरा राहू की निवांत.’

ह्यांनी नुसती मान हलवली. माणूस असा, की आईपुढेही मान हलवायची आणि माझ्यापुढेही. दोन दिवसांनी त्यांनी आत्याबाईंना क्वार्टरचं सांगितलं आणि विचारलं, ‘आई, मामाकडे जाऊन येशील का थोडे दिवस?’ मी पडद्यामागे भाकरीचं पीठ मळत होते. कान तिकडेच. आत्याबाई म्हणाल्या, ‘बरं.’

त्या संध्याकाळी त्यांची प्रार्थना झाली ती अशी: ‘हे बापा, सर्वांना सुखी ठेव. आमेन.’

मी वाट बघत बसले. एवढंच? पाण्याचा हंडा माझ्या हातून सकाळी उपडा झाला होता, त्यांच्या पायावर! त्याचं काय? माझी तर सगळी उत्तरं तयार होती. दुसऱ्या दिवशीही तेच. सर्वांना सुखी ठेव, आमेन. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम भाकरी अशी जाड थापली, की तव्यावरून उचलताना मनगट दुखलं. आत्याबाईंनी ती मुकाट्याने दुधात कुस्करली. प्रार्थनेत भाकरीचं नाव नाही. हे खूश, जेवण गरम मिळत होतं. मावशी आणि तिच्या मैत्रिणी तांदळाची सुपं घेऊन लवकर उठून जायला लागल्या. आणि मी? मैदान सगळं माझं होतं, वाटेल ते देवाला सांगावं. पण समोर कुणी नसेल तर भांडायचं काय डोंबल? मला चैन पडेना. राग यायचा, आणि कुणाचा येतो तेच कळायचं नाही. वाईट वाटत होतं मला, फार वाईट वाटत होतं. पण नळ डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

घरसभेचा दिवस उजाडला. पिंपरी कॅम्पातल्या बाजारातून ह्यांनी बिस्किटं आणली. पडदा काढला, खाली सतरंज्या पसरल्या, आणि चार माणसांच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं कोंबली. पाळकसाहेब पेटीवर. आत्याबाई भिंतीला टेकून. मावशी उंबऱ्यात, आज तांदूळ न घेता. गीतं झाली, शास्त्रपाठ झाला. मग पाळकसाहेब हात चोळत म्हणाले, ‘आता ज्या प्रार्थनेची कीर्ती आपण ऐकली, ती या घरच्यांच्या तोंडून ऐकू या.’

सगळ्यांचे डोळे मिटले. आत्याबाई म्हणाल्या, ‘हे बापा, सर्वांना सुखी ठेव. आमेन.’

मंडळी थांबली. पाळकसाहेब थांबले. त्यांना वाटलं ही सुरुवात आहे. मग माझी पाळी. मी म्हटलं, ‘हे प्रभू...’ आणि माझी बोलती बंद. आयुष्यात पहिल्यांदा! खोलीत इतकी शांतता, की म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं.

तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला. ‘साहेब, म्या बोलू का जरा तुमच्या देवाशी?’

पाळकसाहेबांचा आनंद गगनात मावेना. ‘बोला ना मावशी, अवश्य बोला! तो सगळ्यांचं ऐकतो.’

मावशीने डोक्यावर पदर घेतला, डोळे घट्ट मिटले आणि शेतात हाक मारावी तसा आवाज लावला. ‘देवा, ह्या दोघींनी तुला भाकरीचं सांगितलं, लाकडाचं सांगितलं, कंगव्याचं सांगितलं. समदं तू ऐकलंयस, भिंतीमागून म्या बी ऐकलंय. पर ह्या म्हातारीनं एक गोष्ट तुला सांगितली न्हाई, ती मला सांगितली. परवा गोठ्यात आली आन् म्हनली, मावशी, तुमच्या कडब्याच्या खोलीत मला ऱ्हाऊ द्याल का? म्या म्हनलं, का गं, भावाचं एवढं घर हाय. तर म्हनती, भावाकडं मी पाव्हणी. तिथं समदी माझ्याशी गोड बोलत्याल. मला गोड बोलणं सोसत न्हाई. हितं ऱ्हायले तर सून कवा तरी येईल, फडाफडा बोलून जाईल. तिच्या जाड भाकरीची सवय झालीया, म्हनली. तवा देवा, तूच काय ते बघ. माझी कडब्याची खोली गळती. आन् त्यात एक साप बी हाय.’

पाळकसाहेब आमेन म्हणायला विसरले.

मी डोळे उघडले. प्रार्थना चालू असताना, आमेन व्हायच्या आधी! मनात म्हटलं, बघू कोण काय म्हणतंय ते. आणि समोर पाहिलं तर आत्याबाईंचेही डोळे उघडे. आख्ख्या खोलीत आम्ही दोघीच एकमेकींकडे बघत होतो, बाकी सगळी मिटलेली. त्यांचे डोळे भरलेले होते. सभा, मंडळी, पाळकसाहेब, मी सगळं विसरले.

‘कडब्यात कशाला मरायला जाता?’ मी ओरडलेच. ‘तिथे घरात नळ आहे नळ! चुलीशेजारी तुमची पेटी मावते, मी मनात मांडून पाहिलीय. माझ्याबरोबर यायचं, कळलं? मुकाट्याने!’

‘अगं बावळट,’ आत्याबाई तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, ‘मंडळीसमोर असं बोलतात का? आणि मांडून पाहिलीस तर आधी बोलली का नाहीस? तोंडात काय भाकरी होती? तेवढी जाड असते तर खरी!’

पटापट सगळ्यांचे डोळे उघडले. वाकडा शब्द! तोही एक नाही, तीन-चार, तोही माणसाला! पाळकसाहेब बिचारे घाबरून पेटीवरून उठले. ‘आजी, आजी... प्रभूला दिलेलं वचन? मांडवातलं?’

आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी काहीतरी अगदी खुळ्यासारखं विचारलंय. ‘ते लोकांसाठी होतं साहेब,’ म्हणाल्या. ‘ही काय लोक आहे?’

मग मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि रडता रडता हसू येत होतं, त्यामुळे फार विचित्र आवाज निघत होता. मंडळीतल्या बायकाही रडायला लागल्या. ह्यांनी, संधी साधून, मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं आणि बिस्किटांचं ताट पुढे केलं.

पाळकसाहेब पुढे कितीतरी वर्षं सांगायचे, की आत्याबाईंचं हृदय संजीवन सभेत बदललं. मी त्यांना कधी काही बोलले नाही. मांडवात आत्याबाईंनी जीभ दिली होती देवाला. हृदय त्याने आमच्या खोलीत घेतलं, तेही मावशीला मध्ये घालून, आणि एकट्या आत्याबाईंचंच नाही घेतलं.

क्वार्टरमध्ये आम्ही तिघं एकदमच गेलो. पेटी चुलीशेजारी नाही मावली, माझा अंदाज चुकला, आणि त्यावरून दुपारभर आमचं असं जोरदार भांडण झालं, की शेजारच्या क्वार्टरमधली बाई साखर मागायला आलेली तशीच परत गेली. मग आम्ही चहा प्यायलो. किती दिवसांनी! संध्याकाळी ह्यांनी विजेचं बटण दाबलं. दिव्याकडे बघत बघतच आम्ही प्रार्थनेला बसलो. दिवसभराचं सगळं बोलून झालं होतं, देवाला सांगायला काहीच उरलं नव्हतं. आत्याबाईंनी डोळे मिटले.

‘हे बापा,’ त्या म्हणाल्या, ‘नळाबद्दल तुझे आभार. दिव्याबद्दल तुझे आभार. आणि माझ्या सुनेबद्दल.’

मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. क्षमा कर, दृष्टी दे, अक्कल दे, काहीतरी येणारच.

‘आमेन,’ आत्याबाई म्हणाल्या.